गणपतीला जास्वंदच का?

गणपतीला लाल जास्वंद का, असं विचारलं तर शास्त्रात तसं सांगितलंय, हे उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असतं. पण ज्या अथर्वशीर्षाचा आधार दिला जातो, त्यात देव तांबड्या फुलांनी पूजलेला आहे, एवढंच म्हटलं आहे. फुलाचं नाव नाही. रंग शास्त्राने सांगितला, फूल मात्र घराने निवडलं, असं मला वाटतं. आणि ती निवड पुरती व्यवहारी होती. जास्वंदीचे फार लाड करावे लागत नाहीत. पावसाळ्यात फांदी खोचली की बहुधा जगते, झाड रुजलं की जवळजवळ बारा महिने फुलतं. भाद्रपद असो की संकष्टी, सकाळी परडी रिकामी राहत नाही. फूल एका दिवसात मिटतं खरं, पण पूजेला तेवढंच पुरतं. कार्ल लिनियसने १७५३ साली या झाडाला चीनचा गुलाब अशा अर्थाचं शास्त्रीय नाव दिलं. पण रानात आपोआप वाढलेली ही जात चीनमध्येही खात्रीने सापडलेली नाही. आपल्याकडच्या लाल जास्वंदीला बी क्वचितच धरतं. म्हणजे कुंपणावरचं झाड बहुधा कुणी तरी कुणाला दिलेल्या फांदीचं असतं. दूर्वा, तुळस, बेल यांच्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं: दाराशी उगवेल ते देवाला.

यावर कुणी म्हणेल, तांबडी कण्हेरही भरपूर फुलते, मग तिला हा मान का नाही? देवाला कण्हेरही वाहतात. पण ती विषारी, घरात तिचा दुसरा उपयोग नाही. जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात उकळतात, पाला चुरून त्याच्या बुळबुळीत रसाने केस धुतात. त्या तेलाने टकलावर केस उगवतात, हा दावा मात्र जाहिरातवाल्यांनाच लखलाभ. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संस्कृतातली जपा म्हणजे जास्वंदच, तेव्हा तिचं पावित्र्य प्राचीन नाही का? फूल जुनं आहे, यात वाद नाही. पण ‘मेघदूता’त कालिदासाला महाकालाच्या संध्येची लाली दाखवायला ते हवं असतं, आणि वेदान्ती त्याचा दाखला देतात तो शेजारचा स्फटिक लाल भासतो म्हणून. दोघांचं काम रंगाशी. तोच रंग बंगालमध्ये कालीमातेचा झाला. तिथे जबाफुलांशिवाय तिची पूजा सुनी. मलायाने (आजच्या मलेशियाने) १९६० साली हेच फूल राष्ट्रीय म्हणून निवडलं, तेव्हा तर कुठल्याच देवाचा संबंध नव्हता.

आता परसदार गेलं, फ्लॅट आले, गणेशोत्सवात जास्वंद नगावर विकत घ्यावी लागते. सोय संपली तर मानही संपायला हवा होता, तो संपला नाही. माझ्या म्हणण्याला हा खरा अडथळा आहे. एकदा रूढ झालेली गोष्ट आपलं मूळ कारण गेल्यावरही टिकते, हे मान्यच करावं लागेल. तरीही गॅलरीतल्या कुंडीत जागा कुणाला मिळते ते पाहावं. नर्सरीत पिवळे, केशरी, बशीएवढ्या फुलांचे संकर मांडलेले असतात, आणि पूजेसाठी झाड नेणारं गिऱ्हाईक गावठी, एकेरी, लाल जास्वंदच मागतं.