डेटाबेस बदलताना टेबलांचे स्थलांतर : काही अडचणी व त्यांचे निराकरण

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन कार्यालयांच्या संगणकीय नोंदी १९९० च्या दशकात फॉक्सप्रोमध्ये सुरू झाल्या. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती न काढण्याचे २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१५ मध्ये साहाय्यही थांबविले. त्यामुळे जुनी टेबले ओरॅकल, मायएसक्यूएल वा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नेणे क्रमप्राप्त ठरते. दोष सहसा तेथेच उद्भवतात.

पहिला दोष रकान्याच्या लांबीचा. ‘कोल्हापूर’ या शब्दात युनिकोडची ९ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण २७. मायएसक्यूएलमध्ये २० लांबीचा रकाना २० चिन्हांचा असतो. ओरॅकलमध्ये मात्र वेगळा निर्देश नसल्यास तो २० बाइटचा होतो व गावाचे नावच नाकारले जाते. हा दोष निदान बोलतो तरी! मायएसक्यूएलचे कडक धोरण बंद असेल, तर लांब मजकूर केवळ इशारा देऊन कापला जातो आणि अर्धवट आडनाव थेट दाखल्यावर उमटते.

मराठी नोंदींत याहून बिकट प्रश्न जुन्या फॉन्टचा आहे. तेथे अक्षरे नव्हे, तर अक्षरांचे आकार साठविलेले असतात. ‘शिवाजी’ लिहिताना पहिली वेलांटी ‘श’च्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून सांकेतांक बदलणे पुरेसे नाही, क्रमही बदलावा लागतो. प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी असल्याने मूळ फॉन्ट कोणता होता, हे आधी शोधावे. त्याविना केलेले रूपांतर व्यर्थ होय.

फॉक्सप्रोत पुसलेली नोंद ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत फाइलमध्येच राहते. तिच्यावर केवळ खूण असते. ती खूण न पाहणाऱ्या साधनामुळे रद्द झालेले प्रवेश पुन्हा जिवंत होतात. रिकाम्या तारखेच्या जागी काही साधने ३० डिसेंबर १८९९ ही तारीख घालतात. अशा जन्मतारखेचे विद्यार्थी आढळल्यास त्याचे मूळ येथे शोधावे.

स्थलांतरानंतर केवळ नोंदींची संख्या जुळविण्याची प्रथा अपुरी आहे; वरील दोषांपैकी बहुतेक तीत दिसतच नाहीत. शुल्काची एकूण बेरीज, रिकाम्या रकान्यांची संख्या आणि सर्वांत लांब नावे दोन्हीकडे ताडून पाहावीत. जोडाक्षरे असलेली काही नावे जनरल रजिस्टरशी प्रत्यक्ष मिळवावीत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये स्वयंचलित क्रमांकाचा आरंभही शेवटच्या क्रमांकापुढे न्यावा, अन्यथा पहिलाच नवा प्रवेश नाकारला जाईल. जुनी डीबीएफ फाइल मात्र एक प्रवेशवर्ष पूर्ण होईपर्यंत केवळ वाचनासाठी राखून ठेवावी.