ऊतिसंवर्धनासाठी वनौषधींच्या तुकड्यांचे निर्जंतुकीकरण

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर-कोयनेच्या अरण्यात आढळणारी नरक्या आणि सांगलीच्या पेठेत येणारी हळद, या दोन वनस्पतींच्या अडचणी भिन्न आहेत. कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन मिळत असल्यामुळे नरक्याची बेसुमार तोड झाली. हळदीच्या बेण्याबरोबर कंदकूज नव्या शेतात जाते. दोन्हींसाठी ऊतिसंवर्धन उपयुक्त आहे. परंतु त्याचे यशापयश बहुतांशी प्रारंभीच्या निर्जंतुकीकरणावर अवलंबून असते. म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

निर्जंतुकीकरण कशासाठी?
मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ मध्ये सिद्ध केलेल्या माध्यमात सामान्यतः लिटरमागे ३० ग्रॅम साखर घालतात. हे पोषण बुरशीलाही मानवते. म्हणून माध्यम १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे तापवितात. जिवंत तुकड्याला मात्र ही उष्णता सोसत नाही. त्याचे शोधन रसायनांनीच करावे लागते.

क्रम
१. नरक्याच्या कोवळ्या फांदीची पाने काढून डोळ्यासह लहान तुकडे करावेत. वाहत्या पाण्याखाली सुमारे अर्धा तास धुवावेत.
२. सौम्य साबणद्रावाने, नंतर बुरशीनाशकाने धुवावेत.
३. निर्जंतुक हवेच्या कक्षात ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद बुडवावेत.
४. ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ३ ते ५ मिनिटे ठेवावेत.
५. निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुऊन, कडा छाटून माध्यमात लावावेत.

हळदीचा डोळा मातीत वाढतो. खवल्यांखाली जंतू दडलेले असतात. म्हणून निरोगी कंद निर्जंतुक वाळूत अंकुरवून, कोवळा कोंब खवले सोलून घ्यावा. त्याला काल अधिक लागतो.

दक्षता
येथेही मात्रा व काल महत्त्वाचे आहेत. कमी पडल्यास जंतू उरतात, अधिक झाल्यास तुकडा काळवंडून मरतो. यास्तव प्रथम थोड्या तुकड्यांवर निरनिराळे काल योजून दोन-तीन आठवडे निरीक्षण करावे. ऊतींच्या आत राहणारे जंतू बाह्य शोधनाने जात नाहीत. मर्क्युरिक क्लोराइड तीव्र विष आहे. हातमोजे वापरावेत आणि उरलेला द्राव मोरीत ओतू नये. सोडियम हायपोक्लोराइटने काम भागत असेल तर तेच वापरावे.

अखेरीस एक गोष्ट औषधनिर्मात्यांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. निर्जंतुकीकरणाने तुकडा स्वच्छ होतो, त्याची ओळख पटत नाही. मातृवृक्ष चुकीचा निवडला तर हजारो रोपे चुकीचीच निपजतील. रोपे घेताना मातृवृक्षाची नोंद व तज्ज्ञाने ओळखलेला शुष्क नमुना अवश्य मागावा. त्या निवडीत वैद्याचा सहभाग असावा, असे आम्हांस वाटते.