देशमुखांनी रेड्डींची मते खाल्ली नाहीत

16 ऑगस्ट 1969 रोजी झालेल्या राष्ट्रपती निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी यांनी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना हरवले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने चिंतामणराव देशमुखांना उभे केले होते. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर; मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. याच देशमुखांनी ‘मते खाल्ली’ म्हणून रेड्डी पडले, असे आजही ठासून सांगितले जाते.

विधानसभेच्या निवडणुकीत मते खाल्ली जातात, कारण तिथे मतदाराला एकाच उमेदवाराला मत देता येते. राष्ट्रपती निवडणुकीत मतदार, म्हणजे खासदार वा आमदार, पसंतीक्रम लिहितो. त्याचा पहिला उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. 1969 मध्ये वैध मतांचे मूल्य 8,36,337 होते आणि विजयासाठी 4,18,169 हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मते मिळाली. कोणालाच कोटा गाठता आला नाही, म्हणून देशमुखांसह बाकीचे उमेदवार बाद होत गेले आणि त्यांची मते वाटली गेली. त्यातली 91,879 रेड्डींना गेली, गिरींना अवघी 18,562. म्हणजे देशमुखांच्या मतपत्रिका रेड्डींच्याच कामी आल्या! शेवटी गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. पुढची पसंतीच न लिहिल्याने 10,833 मूल्याची मते वाटपाबाहेर राहिली. ती सगळी रेड्डींच्या पदरात घातली तरी बेरीज 4,16,260 होते, गिरींपेक्षा कमीच. एवढी बेरीज करूनही ‘मते खाल्ली’ म्हणायचे असेल तर इलाज नाही.

रेड्डींना नडले ते घरचेच. त्यांच्या उमेदवारी अर्जावर सही करणाऱ्या इंदिरा गांधींनी नंतर सदसद्विवेकबुद्धीने मतदानाची हाक दिली. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ व स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागायला गेले, तेच गिरींच्या प्रचाराला आयते कोलीत ठरले.

परकीय हाताचा आरोप दोन्ही बाजूंनी झाला: एकाला रशियाचा माणूस म्हटले, दुसऱ्याला अमेरिकेचा. त्यात ऐन प्रचारात, 31 जुलैला, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले. त्यांचे स्वागत केले ते काळजीवाहू राष्ट्रपती, सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. अमेरिकी पैशाच्या चर्चेत अमेरिकेचे भारतातील माजी राजदूत मॉयनिहान यांच्या 1978 च्या पुस्तकाचा हवाला दिला जातो. पण त्यात पैसा काँग्रेसला दिल्याचे म्हटले आहे, आणि तोही केरळ व पश्चिम बंगालमधील कम्युनिस्टांना रोखण्यासाठी. राष्ट्रपतिपदाशी त्याचा संबंध नाही.

राष्ट्रपती निवडणुकीत पक्षाचा व्हिप मोडल्यास आमदारकी जाते, हाही भ्रमच. मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षांना व्हिप काढता येत नाही, असे निवडणूक आयोग सांगत आला आहे. आमदाराचे मत नावापुरते, हेही खोटे: 2022 मध्ये महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य 175 आणि खासदाराचे 700 होते. नागपूर जिल्ह्याचे 12 आमदार म्हणजे तीन खासदारांचे वजन.

राष्ट्रपती निवडणुकीला आव्हान फक्त सर्वोच्च न्यायालयात देता येते. गिरींविरुद्ध ते दिले गेले, राष्ट्रपती असताना त्यांनी स्वतः साक्ष दिली आणि 1970 मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या.