अंगणात पेव्हर की कोबा?

खानदेशातून सुरतेस आलेल्या आपल्या मंडळींनी लिंबायतमध्ये घरे उभारली, तेव्हा शेणाने सारवलेले अंगण गावीच राहिले. येथे वाट्याला आली ती घरामागची दहा-वीस फुटांची मोकळी जागा. भांडी, धुणी, पाण्याचे भूमिगत टाके आणि मुलांचा खेळ, सारे तेथेच. दुरुस्तीचे काम निघाले की पालक विचारतात, "डॉक्टरसाहेब, पेव्हर ब्लॉक बसवू की सरळ कोबा करून टाकू?" बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न परका नाही. १९९४ चा प्लेग, २००६ चा तापीचा पूर आणि पावसाळ्यात चढणारी मिठी खाडी यांनी पायाखालची जमीन व पाण्याचा निचरा यांचा आरोग्याशी असलेला संबंध सुरतकरांना पुरेपूर शिकविला आहे.

प्रथम हिशेब पाहू. दोनशे चौरस फूट अंगणावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे ४७० लिटर पाणी जमते. कोबा पाणी मुरू देत नाही. म्हणून दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार हवाच. चार इंच जाडीचा, नीट दाबलेल्या भरावावर घातलेला आणि किमान सात दिवस पाणी मारलेला कोबा धुण्यास सोपा असतो. परंतु काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. मग कोब्याला तडे जातात. शिवाय पाण्याची नळी फुटली तर तो फोडावा लागतो.

पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसविता येतात. माणसांच्या वावरासाठी ६० मिलिमीटर जाडी पुरते; वाहन उभे राहणार असेल तर ८० घ्यावी. सांध्यांतून थोडे पाणी मुरते, पण खाली खडीचा दाबलेला थर आणि वर वाळूची सपाट गादी हवी. कडेला पक्की किनारही हवी. गादी खचली की ब्लॉक वरखाली होतात, त्यांत पाणी साचते आणि नुकतेच चालू लागलेले मूल अडखळते. किनार उघडी राहिली तर उंदीर बिळे करतात. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण पाहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

माझे मत असे: मोरीलगतच्या ओल्या जागी किंचित खरबरीत, उताराचा कोबा घालावा, टाके आणि नळ्यांवर, तसेच मुलांच्या खेळाच्या जागी पेव्हर बसवावेत, तुळशीभोवती दोन हात माती मोकळी ठेवावी. टाक्याचे झाकण मात्र घट्ट बसणारे असावे, कारण डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ पाण्यातही वाढतो.

गवंड्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी अंगणात चार बादल्या पाणी ओतून पाहावे. तासाभराने जेथे डबके उरेल, ती जागा दुरुस्त करून घ्यावी. उबदार हवेत एडिसची अंडी पाण्यात पडल्यापासून आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा अंगण, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि टाके तपासण्याचा नेम धरावा.

आपणा डॉक्टर मंडळींनाही विनंती आहे: तापाने फणफणलेल्या मुलाची माहिती घेताना एवढे जरूर विचारावे, "अंगणात पाणी साचते का?"