परसातल्या टोमॅटोला घरचं खत : आधी कुजलेलं शेणखत, मग जीवामृत



गेल्या आठवड्यात आपल्या एका ताईंचा फोन आला. परसात टोमॅटोची १५ झाडं लावलेली, फुलावर आलेली. ताजं शेण आणि गोमूत्र कालवलं आणि पाणी न घालता तसंच बुंध्याशी ओतलं. चार-पाच दिवसांत पानांच्या कडा करपल्या, फुलं गळाली. ताई म्हणाल्या, "घरचंच तर होतं, औषध थोडंच होतं?"

घरचं आहे म्हणून कसंही, कितीही चालतं असं नाही. म्हणून आजचा सल्ला याच विषयावर.

*आधी एक गोष्ट समजून घ्या*
जीवामृत हे खत कमी आणि विरजण जास्त आहे. त्यातले जिवाणू मातीतल्या कुजलेल्या पदार्थावर काम करतात आणि त्यातलं अन्न मुळांना मिळतं. विरजण कितीही चांगलं असलं तरी पातेल्यात दूध नसेल तर दही कसं लागणार? इथलं दूध म्हणजे कुजलेलं शेणखत, गांडूळखत आणि पालापाचोळा. नुसत्या जीवामृतावर टोमॅटोचं पोट भरत नाही.

*१) पोटाचं खत*
लावणीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात दीड ते दोन किलो चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे दोन किलोतून सुमारे १० ग्रॅम, तेही हळूहळू मिळतं. सोबत ५० ग्रॅम निंबोळी पेंड टाकली तर सूत्रकृमीचा त्रास कमी होतो. लावण आधीच झाली असेल तर बुंध्यापासून वीतभर लांब आळं करून दोन ओंजळी गांडूळखत द्या आणि मातीने झाका.

खत कुजलंय हे कसं ओळखायचं? उकिरड्यात हात घाला. आत गरम लागलं, शेणाचा वास आला तर अजून कच्चं आहे. काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असेल तर तयार आहे. कच्च्या शेणखतातून हुमणी आणि तणाचं बी येतं, शिवाय मुळांना उष्णता लागते.

*२) १० लिटर जीवामृत*
ही पद्धत अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकर यांनी घराघरांत पोचवली. एकरी २०० लिटरचं माप आपण परसासाठी लहान केलंय :
• पाणी १० लिटर (नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा)
• गाईचं ताजं शेण अर्धा किलो (नसेल तर बैलाचं)
• गोमूत्र अर्धा लिटर
• गूळ १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम
• बांधावरची मूठभर माती (तणनाशक मारलेली नको)

प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून सावलीत ठेवा. वर गोणपाट टाका. घट्ट झाकण लावू नका, आत वायू धरतो आणि कॅन फुटू शकतो. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन दिवसांत तयार होतं, थंडीत एखाद-दोन दिवस जास्त लागतात. सात दिवसांच्या आत संपवा.

*३) द्यायचं कसं*
१ लिटर जीवामृतात १० लिटर पाणी घाला. प्रत्येक झाडाला अर्धा लिटर, वाफशावर, संध्याकाळी, बुंध्यापासून वीतभर लांब. एवढ्यात २० झाडं आरामात होतात. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. उरलेलं लिंबू, शेवगा, कढीपत्त्याला द्या किंवा शेजारी वाटा.

*४) राख आणि अंड्याची टरफलं*
राखेत पालाश असतं, पण ती खारट-चुनखडीच्या अंगाची. आपली काळी माती आधीच तशी, म्हणून झाडाला एक मूठ, तीही हंगामात एकदाच. जीवामृतात किंवा शेणात राख मिसळू नका, त्यातलं नत्र वायू होऊन उडून जातं.

फळाच्या बुडाला काळा खळगा पडला की बरेच जण अंड्याची टरफलं टाकतात. टरफलं कुजायला फार वेळ लागतो, आणि काळ्या मातीत चुना सहसा कमी नसतो. खरं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं झालं की चुना फळापर्यंत पोचत नाही. थोडं थोडं पण नियमित पाणी द्या, बुंध्याभोवती पाचट किंवा सुक्या गवताचं दोन-तीन बोटं आच्छादन करा. आच्छादन पुढे कुजून जिवाणूंचं अन्नही होतं.

*५) हे मात्र नक्की पाळा* ⚠️
• फळं लागल्यावर जीवामृत फळांवर फवारू नका, फक्त मातीत द्या. आपली पोरं झाडावरचा टोमॅटो तोडून तसाच खातात. शेणातले जंतू पोटात गेले तर जुलाब-उलट्या होतात.
• तोडलेली फळं स्वच्छ पाण्याने धुऊनच घ्या. शेण कालवल्यावर हात साबणाने धुवा.
• झाड गर्द हिरवं, पानं भरपूर आणि फुलं कमी दिसली तर नत्र जास्त झालंय. खत थांबवा, आणखी देऊ नका.

त्या ताईंना आम्ही सांगितलं : आळ्यातली वरची माती काढून नवीन टाका, दोन वेळा साधं पाणी सोडा, पंधरा दिवस काही देऊ नका. शेंडा हिरवा असेल तर झाड पुन्हा फुटतं. तुमच्याकडे असं झालं असेल तर तुम्हीही हेच करा.

काही अडलं तर पान, फळ आणि बुंध्याजवळची माती, असे तीन फोटो याच नंबरवर पाठवा. लिहायला जमत नसेल तर बोलून मेसेज टाका. आणि हा सल्ला घरात जी परसबाग बघते तिला आधी वाचून दाखवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पीक सल्ला