नापसंतीचं मत फुकट का नसतं?

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामर मंडळींची प्रश्नोत्तरांची साइट २००८ साली सुरू झाली. तिथे उत्तराला पसंती मिळाली की लिहिणाऱ्याला १० गुण मिळतात, नापसंती मिळाली की २ जातात. गंमत म्हणजे उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही १ गुण कापला जातो! शिवाय १२५ गुण कमावल्याशिवाय हा हक्कच मिळत नाही.

असं का? चुकीचं उत्तर खाली जायलाच हवं, नाहीतर वाचणारा फसतो. पण कुणी उगाच राग काढायला मत देऊ नये.

धंद्यातही हेच धरा. ज्याने पैसे मोजून माल वापरलाय, त्याची तक्रार आधी ऐका. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शेऱ्याने खचू नका. त्या साइटवर नापसंतीचं कारण देणं सक्तीचं नाही. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाला कारण विचाराच. सुधारणा तिथूनच सुरू होते.