सर्व्हरचं झाकण उघडताना

मुलांनो, टेंभुर्णीच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चट्‌चट् आवाज होतो ना? ती स्थिर विद्युत! तिचा झटका आपल्याला साधारण ३००० व्होल्टला जाणवतो. नाजूक चिप मात्र १०० व्होल्टनेही बिघडू शकते, बरं का!

म्हणून सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारा संगणक, जाणत्या माणसासोबतच उघडावा. आधी तो रीतसर बंद करून सगळे प्लग काढा; काहींना दोन असतात. मग पेटीच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, अंगावरची वीज तिकडे निघून जाते. स्क्रू वाटीत ठेवा. पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

काम झालं की झाकण घट्ट बसवा. तरच पंख्यांची हवा तापलेल्या भागांवरून नीट वाहते!